कॅमेरा कुणाच्या हातात?

लहानपणी आमच्या वाड्यात भाड्याने व्हीसीआर यायचा. एका रात्रीत तीन पिक्चर! यंत्राला हात लावायचा मान काकांचा, नाहीतर आम्हा पोरांचा. आईला कुणी शिकवलंच नाही. "तुला नाही जमायचं," विषय संपला.

परवा हे आठवलं, कारण साधारण त्याच काळात, १९८४ साली, अहमदाबादेत काय चाललं होतं ते वाचत होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या बायकांची 'सेवा' ही संघटना इला भट्ट यांनी १९७२ मध्ये उभी केली. नोंदणीच्या वेळी सरकारी खातं म्हणालं, तुम्हाला मालकच नाही, मग युनियन कुणाविरुद्ध? यांचं उत्तर असं, की युनियन कुणाविरुद्ध नसते, आपल्या एकीसाठी असते. शेवटी नोंदणी मिळाली. दोन वर्षांनी बायकांनी स्वतःची सहकारी बँकही काढली. सही येत नाही? पासबुकावर फोटो लावला!

तर १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट यांनी 'सेवा'च्या वीस जणींना तीन आठवडे व्हिडिओ शिकवला. त्यातल्या बऱ्याच जणींना लिहितावाचता येत नव्हतं. तरी त्या शूटिंग शिकल्या आणि त्यातून 'व्हिडिओ सेवा' उभी राहिली. माणेकचौकातल्या भाजीवाल्यांवरची टेप बनवली ती स्वतः भाजी विकणाऱ्या बाईनं. अशा टेप वस्त्यांमध्ये दाखवल्या जात, प्रशिक्षणात वापरल्या जात, अधिकाऱ्यांपुढेही जात. ज्यांचं म्हणणं कुणी ऐकून घेत नव्हतं, त्यांचं आता बसून बघावं लागे.

मला यातली मेख अशी वाटते: तीन आठवड्यांच्या शिकवणीनं कुणी पुढारी होत नाही. शिकवणारी बाई परत गेली, पण मागे बारा वर्षांची संघटना होती. कॅमेरा तिथेच राहिला, आणि काय दाखवायचं हेही तिथल्याच बायका ठरवू लागल्या. नुसतं ट्रेनिंग असतं तर एक ग्रुप फोटो निघाला असता, बास.

हे सगळं आत्ता का? पुढच्या शनिवारी मला एका बचत गटाला हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवायचंय. मागच्या खेपेला दोन तास माऊस माझ्याच हातात होता. बायका कौतुकानं बघत होत्या, आणि मी खूष!

या वेळी माऊस त्यांच्याकडे. आणि कुठला रिपोर्ट आधी हवा, हेही त्यांनाच विचारणार आहे. बघू काय होतंय ते.