भयाचे दास्य आणि रमाबाईंची 'मुक्ती'

मृत्यूच्या भयाने ग्रासलेला जीव, त्याला झालेली ख्रिस्ताची ओळख आणि नंतर आलेली निर्भयता, असा धर्मांतराच्या कथनांचा एक ठरीव साचा आहे. पंडिता रमाबाईंचे (1858-1922) आयुष्य या साच्यात बसवून पाहण्याचा मोह सहज होतो, कारण त्यात मृत्यू पावलोपावली आहे. परंतु त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले आत्मकथन नीट वाचले, तर भय आणि श्रद्धा यांचे नाते बरेच निराळे दिसते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणे सांगत तीर्थाटन करणारे विद्वान. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा हे कुटुंब अन्नाला मोताद झाले. होते ते द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले होते. मजुरी करणे ब्राह्मण्याला कमीपणाचे वाटत होते. पाणी आणि झाडपाला यांवर दिवस काढल्यानंतर वृद्ध शास्त्रीबुवांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. मुलगा श्रीनिवास याने अभिमान बाजूला ठेवून मजुरी करण्याची तयारी दाखवली, म्हणून तो बेत राहिला. तरीही उपासमारीने खचलेले वडील लवकरच गेले. मग आई गेली. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा रमाबाईंनी स्वतः ती उचलली. पुढे थोरली बहीण, 1880 मध्ये श्रीनिवास आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी असे एकेक जण गेले. चोविसावे वर्ष पुरे होण्याआधीच एक लहान मुलगी सोडल्यास त्यांच्या रक्ताचे जवळचे कोणी उरले नव्हते.

अनंतशास्त्री मृत्यूला भ्यालेले नव्हते, हे येथे विसरता कामा नये. शांतपणे देह ठेवण्याची शिकवण त्यांच्या परंपरेत होती आणि त्या शिकवणीला ते जागले. रमाबाईंची आठवण मात्र त्या मृत्यूच्या अलीकडची आहे: अन्नाचा कण नसलेले दिवस, कोणी दारात उभे न करणे, मागे राहणाऱ्यांचे काय हा प्रश्न. मरणाहूनही निराधार मरणाचे भय त्यांच्या मनात खोल रुजले, असे त्यांचे लेखन वाचताना वाटते.

त्यात शास्त्राध्ययनाने भर घातली. कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना त्यांना आढळले की, स्त्रीला वेदाधिकार नाही, वेदांवाचून ब्रह्मज्ञान नाही आणि ब्रह्मज्ञानावाचून मोक्ष नाही. म्हणजे मरण आले तरी सुटका नाही; पुरुषजन्म मिळेपर्यंत थांबायचे. त्यांच्या धर्मचिंतनाचे मूळ या ठिकाणी आहे. पुढे इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना कळली. त्यांना ख्रिस्ताकडे नेले ते या अनुभवाने. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी, त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्महत्या केली होती. नव्या श्रद्धेच्या उंबरठ्यावरही मृत्यू उभाच होता.

बाप्तिस्म्याने मन शांत झाले असेही नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाची कबुली रमाबाईंनी 1907 च्या आत्मकथनात दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे, मृत्यूतून जीवनाकडे झालेल्या प्रवासाचे पुस्तक त्यांच्या हाती आले आणि तेथून त्यांचा शोध नव्याने सुरू झाला. इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मृत्यूच्या भयाला आयुष्यभराचे दास्य म्हटले आहे. रमाबाईंच्या बाबतीत या दास्यातून सुटणे म्हणजे काय, याचे उत्तर 1896-97 च्या दुष्काळात मिळते.

मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरत होती. रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे 300 मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगावच्या जमिनीवर वसवावे लागले. स्वतःच्या उपासमारीची आठवण या प्रवासामागे होती, असे त्या सांगतात. श्रद्धेने ते भय पुसून टाकले नाही. त्याची दिशा पालटली. ज्या आठवणीने त्यांना घरात कोंडून ठेवले असते, तीच त्यांना दुष्काळी मुलखात घेऊन गेली. त्या वस्तीला त्यांनी नाव दिले 'मुक्ती'. मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'तारण' हा शब्द रुळलेला असता, शास्त्रांनी स्त्रीला नाकारलेल्या मोक्षाची आठवण देणारा शब्द त्यांनी निवडावा, हे अर्थपूर्ण आहे.

एक अवघड प्रश्न मात्र उरतो. उपासमारीतून वाचलेल्या, परतायला घर नसलेल्या मुलीने अन्नदात्याचा धर्म स्वीकारला, तर ती निवड कितपत स्वतंत्र मानावी? शारदा सदनावरून 1893 साली उठलेल्या वादाचा भर धर्मांतरावर होता, आणि केडगावच्या संदर्भात तो प्रश्न अधिकच तीव्र होतो. रमाबाईंच्या प्रामाणिकपणाने तो मिटत नाही. तथापि, त्या मुली मरणाच्या दारात असताना इतर किती जण तेथे पोचले होते, हाही प्रश्न त्याच्या शेजारीच ठेवावा लागतो.

जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली. मुक्तीचा भार जिच्यावर सोपवायचा, तीच एकुलती मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाईंचा देह थकला होता, ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. तरीही हिब्रू व ग्रीक भाषांमधून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे अनेक वर्षांचे काम त्यांनी चालू ठेवले आणि पुरे केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. केडगावच्या स्त्रियांनी चालवलेल्या छापखान्यातून ते बायबल 1924 मध्ये संपूर्ण छापून बाहेर पडले.