सार्वजनिक वाय-फाय
मोबाइल कंपन्यांच्या जाळ्याला पर्याय ठरणारी, परवानामुक्त लहरींवरील स्वस्त बिनतारी इंटरनेट सेवा. भारतात वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्‌झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल व गुगल यांनी मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वाय-फाय सुरू केले. त्याच वर्षी जिओची मोबाइल सेवा आल्यावर मोबाइल डेटा स्वस्त झाला. डेटा स्वस्त झाल्याचे कारण देत २०२० मध्ये गुगलने स्थानकांवरील या उपक्रमातून माघार जाहीर केली.
९ डिसेंबर २०२० रोजी केंद्राने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेनुसार जळगाव, धुळ्यातील किराणा दुकानदारही परवाना वा नोंदणीशुल्काविना ब्रॉडबँडवरून अशी सेवा विकू शकतो. वाय-फायचा पल्ला साधारण शंभर मीटर असल्याने बाजारपेठ, बसस्थानक, वसतिगृह येथे ते उपयुक्त ठरते. शेतशिवारात व प्रवासात मात्र मोबाइल मनोराच लागतो. सातपुड्यातील पाड्यांपर्यंत ऑप्टिकल फायबर वा अन्य ब्रॉडबँड जोडणी पोहोचणे ही तेथील प्रसाराची पूर्वअट होय.