गाऱ्हाणी बुऱ्हाणपूरची, दफ्तरे परगावची

तापीच्या उत्तर तीरावरील बुऱ्हाणपूर शहरात गेल्या साडेतीन शतकांत लोकांनी राजसत्तेपुढे, धर्मसत्तेपुढे किंवा गिरणीमालकापुढे जी गाऱ्हाणी मांडली, त्यांच्या कागदांचे मोठे साठे आज शहराबाहेर आहेत, आणि त्याचे कारण या शहराच्या राजकीय इतिहासातच दडलेले आहे. फारुकी सुलतानांनी वसवलेले हे शहर 1601 मध्ये असीरगड पडल्यानंतर मोगलांचे दक्षिणेकडील प्रमुख ठाणे झाले, अठराव्या शतकात निजामाकडे गेले, 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर पेशव्यांना मिळाले, पुढे शिंद्यांकडे राहिले आणि 1860 च्या सुमारास इंग्रजी अमलाखाली येऊन मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात सामील झाले. राज्य बदलले की दफ्तर, म्हणजे कारभाराच्या कागदांचा साठा, जुन्या राज्यकर्त्याच्या राजधानीत राहून जाई आणि नवे दफ्तर नव्या राजधानीत उघडले जाई. स्वातंत्र्यानंतरही हा प्रकार थांबला नाही; 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले आणि जुन्या मध्य प्रांताचे कागद नागपूर व भोपाळ यांच्यात विभागले गेले, तर 2003 च्या 15 ऑगस्टला बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत जिल्हा कचेरी खंडव्याला होती. त्यामुळे या शहराच्या लोकचळवळींचा अभ्यास करू पाहणाऱ्याला पुणे, नागपूर, भोपाळ, दिल्ली आणि लंडन अशी वाट धरावी लागते.

या साखळीतील सर्वांत जुना ठळक दुवा 1681 सालचा आहे. त्या वर्षाच्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने शहराच्या तटाबाहेरील बहादुरपुरा आणि इतर श्रीमंत पुरे तीन दिवस लुटले, आणि दक्षिणेचा मोगल सुभेदार खानजहान बहादूर औरंगाबादेहून निघूनही मराठ्यांना गाठू शकला नाही. यानंतर शहरातील उलेमा, शेख आणि प्रतिष्ठित मंडळी यांनी मिळून औरंगजेबाला एक महजर पाठवला. महजर म्हणजे अनेकांच्या सह्या-शिक्क्यांनिशी तयार केलेले सामूहिक निवेदन. मराठी वाचकाला हा शब्द गोतसभेच्या निवाडापत्रासाठी परिचित आहे, परंतु येथे तो सरळ सरळ तक्रारअर्ज होता. लोकांची अब्रू आणि मालमत्ता सुरक्षित नसल्याने यापुढे शुक्रवारची जुम्मा नमाज बंद ठेवावी लागेल, असा त्याचा आशय खाफीखानाने आपल्या फारसी इतिहासग्रंथात नोंदवला आहे. शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे नमाजेपूर्वीच्या प्रवचनात, बादशहाचे नाव घेतले जाई. ती नमाज थांबवणे म्हणजे बादशहाच्या नावाचा जाहीर उच्चार थांबवणे, आणि धर्माचा कैवारी म्हणवणाऱ्या औरंगजेबाला याहून बोचरी धमकी देता आली नसती. बादशहाने सुभेदाराची कानउघाडणी केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन पोहोचला. दक्षिणेतील त्याच्या स्वारीमागे त्याचा मुलगा शहजादा अकबर याचे बंड आणि मराठ्यांची वाढती ताकद ही कारणे होतीच, तरी एका शहराच्या नागरिकांचा लेखी निषेध त्या निर्णयाच्या कारणांत गणला जातो, ही गोष्ट सतराव्या शतकासाठी लहान नाही.

त्याच सुमारास शहरातील दुसरा एक समूहही असंतुष्ट होता, पण त्याचा महजर इतिहासात आला नाही. औरंगजेबाने 1679 मध्ये जिझिया, म्हणजे बिगर-मुस्लिम प्रजेवरील डोईपट्टी, पुन्हा लागू केली. बुऱ्हाणपुरात त्यानंतरच्या एका वर्षी संपूर्ण शहरातून या कराचे 26 हजार रुपये जमले होते. पुढे मीर अब्दुल करीम नावाच्या अंमलदाराने शिपायांच्या बळावर सक्ती करून तीन महिन्यांत निम्म्या शहरातूनच त्याच्या चौपटीहून अधिक रक्कम बसवली. हा आकडा कराच्या वसुलीचा म्हणून लिहिला गेला, आणि अंमलदाराच्या कर्तबगारीची साक्ष म्हणून तो टिकला. पण तो उलट्या बाजूने वाचला तर आधीच्या वर्षी शहरातील किती लोकांनी हा कर टाळला किंवा अडवून धरला होता, याचाच तो हिशेब ठरतो. उलेम्यांचा निषेध त्यांच्या स्वतःच्या शब्दांच्या जवळपास पोहोचणाऱ्या रूपात उरला आणि जिझिया देणाऱ्या व्यापारी-कारागिरांचा निषेध वसुलीच्या आकड्यात गाडला गेला, हा फरक दफ्तरांचा स्वभाव दाखवतो. या काळासाठी आणखी एक साक्षीदार उपलब्ध आहे: 1649 मध्ये बुऱ्हाणपुरातच जन्मलेला कायस्थ कारकून भीमसेन सक्सेना. मोगल फौजेबरोबर आयुष्य काढूनही त्याने ‘तारीख-इ-दिलकुशा’ या आपल्या ग्रंथात बादशाही कारभारातील ऱ्हासाची स्पष्ट नोंद केली, आणि जदुनाथ सरकारांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर 1972 मध्ये महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याने छापले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सीमेचा परिणाम अधिकच ठसठशीत दिसतो. 1852 मध्ये बुऱ्हाणपुराच्या शेजारच्या सावदा, रावेर, फैजपूर या भागातील शेतकऱ्यांनी कंपनी सरकारच्या जमीन मोजणीविरुद्ध मोठा उठाव केला, तो मोडण्यासाठी फौज पाठवावी लागली आणि पुढाऱ्यांची धरपकड झाली. हा सारा पत्रव्यवहार मुंबई इलाख्याचा असल्याने तो मुंबईच्या दफ्तरात आणि 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये आला. बुऱ्हाणपूर मात्र तेव्हा शिंद्यांच्या अमलाखाली असल्याने, भाषा, शेती आणि सोयरीक एकच असूनही, त्या कागदांच्या कक्षेबाहेर राहिले. इंग्रजी गॅझेटियरने बुऱ्हाणपूरच्या वाट्याला 1849 च्या हिंदू-मुसलमान दंग्याचे एक वाक्य तेवढे दिले. बंदोबस्त करणाऱ्याच्या दृष्टीने लोकांची हालचाल म्हणजे दंगा, आणि दंगा म्हणजे एक तारीख, असा हा हिशेब आहे, आणि त्यावर विसंबून शहराचा स्वभाव ठरवणे हा आळशीपणा होय.

विसाव्या शतकातील बुऱ्हाणपूरचा सर्वांत भरघोस दस्तऐवज एका सामाजिक झगड्यातून निर्माण झाला. शहराजवळ दाऊदी बोहरा समाजाचे प्रसिद्ध श्रद्धास्थान दर्गाह-ए-हकीमी आहे. या समाजाचे सर्वोच्च धर्मगुरू दाई-अल-मुतलक या नावाने ओळखले जातात आणि समाजातील व्यक्ती वयात येताना त्यांच्याशी निष्ठेची शपथ घेते, तिला मीसाक म्हणतात. शपथ मोडल्याच्या आरोपावरून एखाद्याला समाजाबाहेर काढण्याचा अधिकार दाईंना आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या पद्धतीने वापरावा, हा प्रश्न बुऱ्हाणपुरातील बहिष्कृत बोहऱ्यांनी न्यायालयात नेला, कारण बहिष्कारामुळे दर्ग्यातील आणि मशिदीतील त्यांचा प्रवेशच हिरावला जात होता. हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपिली न्यायालयापर्यंत, पोहोचला. हसनअली विरुद्ध मन्सूरअली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, देश स्वतंत्र झाल्यानंतर, 1947 च्या डिसेंबरात निकाल लागला. दाईंचा अधिकार मान्य करतानाच न्यायाधीशांनी तो अनिर्बंध नसून ठरलेल्या रीतीने, संबंधिताला पूर्वसूचना देऊनच वापरला पाहिजे, अशी मर्यादा घातली.

अभ्यासकाच्या दृष्टीने निकालाइतकेच महत्त्व त्यासोबतच्या छापील कागदांना आहे. प्रिव्ही कौन्सिलकडे जाणाऱ्या अपिलात खालच्या कोर्टातील फिर्याद, कैफियत, साक्षीपुरावे आणि दाखल कागदपत्रे यांचे एकत्रित पुस्तक छापावे लागे, आणि वकिलाला बोट ठेवून ओळ दाखवता यावी म्हणून समासात दर दहा ओळींना आकडा घालत. अशा पुस्तकात बुऱ्हाणपूरच्या कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसाने आपल्या समाजाविषयी, पंगतीविषयी, कबरस्तानाविषयी शपथेवर सांगितलेले तपशील येतात, जे कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडणार नाहीत. या झगड्याचे पडसाद पुढेही उमटत राहिले: मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, आणि 1970 च्या दशकात न्यायमूर्ती नथवानी यांच्या अध्यक्षतेखालील नागरिकांच्या आयोगाने सुधारणावादी बोहऱ्यांच्या तक्रारींची चौकशी करून अहवाल दिला. सामाजिक चळवळीचे कागद शोधणाऱ्यांनी न्यायालयाच्या दफ्तराकडे सर्वांत आधी वळावे, हे यावरून पटते.

स्वातंत्र्यचळवळीच्या काळासाठी वृत्तपत्रे हा मुख्य आधार आहे. माखनलाल चतुर्वेदी यांचे ‘कर्मवीर’ 1920 मध्ये जबलपूरला सुरू झाले आणि 1925 पासून खंडव्याहून निघू लागले, त्यामुळे निमाडातील सभा, सत्याग्रह आणि अटका यांना घराजवळचे व्यासपीठ मिळाले. अशा जुन्या नियतकालिकांचे जतन करण्यासाठी भोपाळ येथे 1984 मध्ये माधवराव सप्रे यांच्या नावाने संग्रहालय स्थापन झाले. मराठी मातृभाषेच्या या संपादकाने नागपुरातून ‘हिंदी केसरी’ चालवला आणि 1908 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक सोसली होती.

गिरणी कामगार, विणकर आणि आदिवासी यांच्या बाबतीत मात्र कागद अजून दफ्तरात जाऊन पक्के झालेले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिलेली ताप्ती मिल 1974 च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2020 च्या टाळेबंदीपासून तिचे उत्पादन थांबले. 1926 च्या कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक कामगार संघटनेला वर्षाकाठी सभासदसंख्या आणि जमाखर्च निबंधकाला कळवावा लागे, त्यामुळे गिरणीतील संघटनांचा सांगाडा सरकारी फायलीत सापडू शकतो. पण गेटसभेची पत्रके, मागण्यांचे मसुदे आणि वर्गणीच्या वह्या संघटनेच्या कार्यालयात किंवा जुन्या कामगारांच्या घरात राहतात. यंत्रमागावर राबणाऱ्या मोमीन विणकरांची स्थिती याहून अवघड आहे, कारण मीटरमागे मिळणाऱ्या मजुरीचा व्यवहार बहुतांशी तोंडी असतो.

जंगलपट्टीत परिस्थिती उलटी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागत असल्याने, अतिक्रमण केले म्हणून वनखात्याने एकेकाळी फाडलेली दंडाची पावतीच आज भिलाला किंवा बारेला आदिवासी शेतकऱ्याच्या हक्काचा पुरावा ठरते, आणि म्हणून ती घरात पिशवीत जपलेली असते. या भागात काम करणाऱ्या जागृत आदिवासी दलित संघटनेच्या एका कार्यकर्त्यावर बजावलेला तडीपारीचा, म्हणजे जिल्ह्याबाहेर घालवण्याचा, आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने 2025 मध्ये रद्द केला आणि शासनाला 50 हजार रुपयांचा भुर्दंड ठोठावला. बोहऱ्यांच्या खटल्याप्रमाणे याही आंदोलनाची पक्की नोंद शेवटी निकालपत्रातच झाली.

बुऱ्हाणपुरात आज महाविद्यालये आहेत, वाचनालये आहेत आणि जिल्ह्याची स्वतंत्र कचेरी आहे. त्यांपैकी एखाद्या संस्थेने गिरणी संघटनांची पत्रके, विणकरांच्या वह्या, वनहक्क दाव्यांच्या नकला आणि दर्गा खटल्याच्या छापील पुस्तकाची प्रत एका खोलीत आणून त्यांची यादी केली पाहिजे, आणि ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी निदान त्यांची नक्कल तरी त्या संस्थेला द्यावी.