काठी, हात आणि व्हेस्ट

मामा नवरीला घेऊन बोहल्याकडे निघाला, की त्यांच्यासमोर एक जण उलट्या पावलांनी चालू लागतो. छाती-कंबरेला पट्ट्यांनी आवळलेलं व्हेस्ट, त्यातून पुढे आलेला स्प्रिंगचा हात आणि त्या हातावर तोललेली काठी. काठीच्या माथ्यावर कॅमेरा, बुडाशी वजनं. घाटकोपर-मुलुंडच्या हॉलांमध्ये हा माणूस अधूनमधून दिसू लागला त्याला फार वर्षं झाली नाहीत. पायाखाली सांडलेल्या अक्षता, दोन्ही बाजूंना खुर्च्या आणि मोबाइल उंचावलेले मावसभाऊ. ट्रॉलीचे रूळ टाकायला तिथे जागा नसते. असती तरी त्या रुळांवरून आजीला कोण पार करवणार? लग्नाच्या फिल्ममध्ये मात्र नवरी हेलकावा न खाता पुढे येते.

या सामानाचा मूळपुरुष फिलाडेल्फियाचा. गॅरेट ब्राउन तिथे जाहिरातपट करायचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्याकडे कॅमेरा फिरवायला शेकडो किलोंची एक जुनी डॉली, म्हणजे चाकांची गाडी होती आणि ती ढकलून तो वैतागला होता. कॅमेरा हातात घेऊन चालावं, तर प्रत्येक पाऊल चित्रात धक्का देऊन जाई. मग त्याने नळीच्या एका टोकाला कॅमेरा लावला, दुसऱ्या टोकाला वजन, आणि नळी तोल साधेल अशा जागी धरली. दोरावर चालणारा डोंबारी लांब काठी घेतो त्यामागचंच हे गणित. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं ते वळवायला अवघड. मनगट थरथरलं तरी काठी लगेच कलत नाही.

पण काठीने थांबतं ते फक्त कलणं आणि डोलणं. पावलागणिक वर-खाली होणं तसंच राहतं, शिवाय सगळा भार एका मनगटावर येतो. त्याला उतारा म्हणून ब्राउनने स्प्रिंगचा हात जोडला. कल्पना टेबललॅम्पच्या दांड्याची, म्हणजे जिथे ठेवाल तिथे थांबणाऱ्या दांड्याची. हाताचं दुसरं टोक व्हेस्टला अडकवलं आणि भार कमरेवर उतरला. व्ह्यूफाइंडरला डोळा लावणंही बंद झालं, कारण डोक्याचा हलकासा स्पर्शही चित्र हलवतो. चालणाऱ्याने छोट्या मॉनिटरकडे बघायचं, आणि निम्मं लक्ष वाटेवर ठेवायचं.

ब्राउनने नमुन्यादाखल केलेल्या चित्रीकरणात त्याची मैत्रीण फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढते. दिग्दर्शक जॉन अविल्डसेनने ते पाहिलं, त्या पायऱ्या कुठल्या ते विचारलं, आणि १९७६च्या 'रॉकी'त सिल्व्हेस्टर स्टॅलोन त्याच पायऱ्या चढला. त्याच वर्षीच्या 'बाउंड फॉर ग्लोरी'त ब्राउन कॅमेऱ्यासकट क्रेनवरून खाली आला, क्रेनवरून पाय काढला आणि न थांबता निर्वासितांच्या गर्दीतून चालत गेला. सिनेमा प्रॉडक्ट्स कंपनीने हे यंत्र 'स्टेडीकॅम' नावाने बाजारात आणलं. १९७८ साली त्याला ऑस्करचं तांत्रिक पारितोषिक मिळालं.

आपल्याकडे स्टेडीकॅमचा बोलबाला झाला तो रामगोपाल वर्मांच्या १९८९च्या तेलुगू 'शिवा'मुळे. वर्मा पुढे मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाचा कॅमेराही अधिक चालू लागला. पण मोठ्या कॅमेऱ्याचं ते सामान महाग, शिवाय ते अंगावर पेलणारी माणसं मोजकी. लग्नाच्या व्हिडिओवाल्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

तिथून लग्नाच्या हॉलापर्यंतचा मधला टप्पा मुंबईच्याच गल्ल्यांत घडला. 'स्लमडॉग मिल्यनेअर'साठी दिग्दर्शक डॅनी बॉयलला धावणाऱ्या पोरांच्या मागे धारावीच्या बोळांत शिरायचं होतं. पारंपरिक फिल्म कॅमेरा तिथे अडचणच ठरला असता. छायालेखक अँथनी डॉड मँटलने एसआय-टूके हा छोटा डिजिटल कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याचं डोकं हातात, रेकॉर्डिंगची यंत्रणा पाठीवरच्या पिशवीत, आणि हलक्या कॅमेऱ्याची थरथर मारायला जायरो. डोंबाऱ्याच्या काठीचं काम इथे फिरत्या चाकाने केलं. २००९मध्ये या सिनेमाला छायालेखनाचं ऑस्कर मिळालं. मुख्यतः डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झालेल्या सिनेमाला ते प्रथमच मिळत होतं.

खरी उलथापालथ मात्र २००८च्या कॅनन फाइव्ह-डी मार्क टूने केली. बॅटरीविना ८१० ग्रॅमचा, एरवी फोटो काढायचा हा कॅमेरा फुल एचडी व्हिडिओही घेऊ लागला. कॅमेरा किलोच्या आत आल्यावर त्याला पेलणारी काठी स्वस्त होणारच होती. अमेरिकेत कार्नेगी मेलनच्या जॉनी ली नावाच्या विद्यार्थ्याने नळाचे पाइप, टी-जोड आणि वजनं जोडून १४ डॉलरचा 'गरिबाचा स्टेडीकॅम' आधीच दाखवला होता. तेवढं सामान बोरिवलीच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ज्यांना पाइप कापत बसायचं नव्हतं, त्यांच्यासाठी भारतात बनणारा फ्लायकॅम आला, पुढे हात आणि व्हेस्टसकट.

स्वस्ताईची हद्द इथेच दिसते. काठी स्वस्तात चांगली होते, कारण तिचं काम पदार्थविज्ञानच करतं. हात तसा होत नाही. स्प्रिंगचा ताण वर-खाली सगळीकडे सारखा लागला पाहिजे, सांधे न अडकता फिरले पाहिजेत. बजेटमधला हात मधल्या उंचीवर छान चालतो आणि दोन्ही टोकांना कुरकुरतो. म्हणून असं व्हेस्ट घेणाऱ्याने खिशाकडे बघण्याआधी हाताचे सांधे हलवून बघावेत.

२०१३मध्ये मोव्ही हा मोटरवर चालणारा गिम्बल आला, पाठोपाठ डीजेआयचा रोनिन, आणि व्हेस्टचे दिवस संपले असं वाटलं. मोटरी तीन अक्षांवरचं कलणं निमूटपणे सुधारतात, पण पावलाची उसळी त्यांच्याही हाती नसते. शिवाय गिम्बल समोर धरून तासभर उभं राहिलं, की खांदे भरून येतात. मग लोकांनी गिम्बल पुन्हा त्याच स्प्रिंगच्या हातावर चढवला, किंवा डोक्यावरून येणाऱ्या दोरीला टांगणारं ईझीरिगच्या धर्तीचं व्हेस्ट घातलं.

अंधेरी-ओशिवऱ्यात कॅमेऱ्याचं सामान भाड्याने मिळतं, आणि मोठ्या सामानासोबत अटेंडंटही येतो. काठी असेल तर तो ती आडवी धरून सोडतो. दोन-तीन सेकंदांत ती उभी झाली, तर तोल बरोबर. झटकन उभी झाली, तर बूड जास्त जड, आणि चालणारा थांबला की कॅमेरा झुलत राहणार. लेन्स बदलली, मोठी बॅटरी लावली, की हे सगळं पुन्हा करावं लागतं आणि स्प्रिंगचा ताणही नव्याने जुळवावा लागतो.