पाणी पाहिले, पण तपासले का?

पूर्वी आपल्याकडे पाणी डोळ्यांनी आणि जिभेने तपासत. गढूळ दिसले की तुरटी फिरवायची, फडक्यातून गाळायचे, झाले! पुढे टीसीएल पावडर आली, ओटी टेस्ट आली. ओटीचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. पण तो पिवळा रंग पाण्यात क्लोरीन आहे एवढेच सांगतो. शिसे, पारा, आर्सेनिक त्याला कळत नाहीत. थोड्या प्रमाणात त्यांना ना वास, ना चव.

असे विष उशिरा कळले की काय होते, ते जपानच्या मिनामाताने पाहिले. तिथला आजार १९५६ साली उघड झाला. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून पोटात गेला, हे सरकारने मान्य करायला १९६८ उजाडले.

आपले जोहे तर गणपतींचे गाव. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मूर्ती विसर्जनाबाबत सूचना काढल्या, त्यामागे रंगांतल्या अशाच धातूंची काळजी होती. रंगाची बादली कुठे रिकामी होते, याला म्हणूनच महत्त्व. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, ती प्रयोगशाळेतच कळते.

२५ वर्षे आपण टाकी धुतली. आता वर्षातून एकदा पाण्यातले धातूही तपासून घेऊ या!