पेठेला दिलेला कौल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

निवडणुका जवळ आल्या की एक शब्द घरोघरी पोचतो. तो शब्द म्हणजे कौल. जनतेचा कौल कुणाला, याची चर्चा चहाच्या टपरीपासून दूरदर्शनपर्यंत रंगते. देवीला कौल लावायची रीतही आपल्याकडे जुनी. पण हा शब्द मूळचा अरबी. कौल म्हणजे बोललेला शब्द, वचन. फारसीच्या वाटेनं तो दख्खनच्या दरबारांत आला आणि तिथून मराठी दफ्तरात रुळला. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या मराठी कागदांत कौल म्हणजे राज्यानं रयतेला दिलेलं लेखी अभय. ओस गावात येऊन राहा, पडीक जमीन लावा, इतकी वर्षं पट्टी मागणार नाही, असा तो शब्द असे. आज रयत राज्यकर्त्यांना कौल देते. तेव्हा राज्य रयतेला कौल देत असे.

मी शब्दांच्या वाटेनं इतिहासाकडे जाणारा माणूस. एखादं गाव कसं वाढतं, त्याच्या जमिनीचं काय करायचं हे कोण ठरवतं, धंद्याला आधार कोण देतं, या प्रश्नांचा मागोवा मला या एका शब्दाच्या आधारानं घ्यावासा वाटतो. आज हे प्रश्न समितीच्या बैठकीत, नकाशे आणि ठरावांच्या भाषेत येतात, म्हणून ते आपल्याला सरकारी आणि रुक्ष वाटतात. खरं तर ते फार जुने आहेत.

आमच्या ढोकीजवळच तेर आहे. गोरोबाकाकांचं तेर म्हणून वारकरी ते ओळखतात. इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात तगरची नोंद आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं नगर आहे आणि तिथून साधं कापड, तलम मलमल असा माल गाड्यांत भरून अवघड वाटांनी भडोचला जातो, असं त्यात म्हटलं आहे. भडोचहून तो जहाजांवर चढे. म्हणजे तेरणाकाठच्या विणकराचा धागा समुद्रापलीकडे पोचत होता.

विणकरांच्या अशा नगराचा कारभार कसा चाले, हे पाहायचं तर नाशिकला जावं लागतं. नाशिकजवळची पांडवलेणी आपण सहलीला जाऊन पाहतो, पण तिथल्या भिंतींवरचा मजकूर सहसा वाचत नाही. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं दहाव्या लेण्यात एक लेख कोरून ठेवला आहे. त्यानं भिक्षूंसाठी लेणं दिलं आणि सोबत ३००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. ही रक्कम त्यानं विहाराच्या पेटीत टाकली नाही. गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे, ती गुंतवली. २००० दरमहा शेकडा १ या दरानं, आणि १००० दरमहा शेकडा पाऊण या दरानं. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

आता हिशेब पाहा. २००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात म्हटलं आहे की लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब चोख! भिक्षूंना वस्त्र मिळालं आणि विणकरांना धंद्यासाठी कायमचं भांडवल मिळालं. स्थानिक अर्थकारणाला बळ देणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

पण मला या लेखातली एक ओळ सगळ्यात मोलाची वाटते. हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे दफ्तरात नोंदवलं, असं तिथं सांगितलं आहे. निगमसभा म्हणजे नगराची सभा. दान देणारा राजाचा जावई होता. त्याला कोण विचारणार होतं? तरीही नगराच्या पैशाला आणि धंद्याला हात लागतो आहे म्हटल्यावर तो व्यवहार नगरापुढे वाचून दाखवावा लागला. आधी ऐकवणं, मग लिहिणं. कौल हा शब्द आपल्याकडे यायला अजून शेकडो वर्षं होती, पण कौलाची रीत इथं हजर आहे.

त्याच लेण्यात जमिनीचाही व्यवहार आहे. नगराच्या वायव्य सीमेवरचं एक शेत उषवदातानं अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना विकत घेतलं आणि भिक्षूंच्या अन्नासाठी दिलं. शेत अश्विभूतीच्या वडिलांचं होतं, हेही नोंदवलं आहे. राजाच्या जावयानंही जमीन हिसकावली नाही. मालकाचं नाव, त्याचा हक्क, शेताची दिशा आणि किंमत हे सारं दगडावर लिहिलं. आपल्या सातबाऱ्यावर याहून जास्त काय असतं?

पुढं सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी यानं हा मुलूख जिंकला. पूर्वी उषवदाताकडे असलेलं काखडी गावचं २०० निवर्तनं शेत त्यानं डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं. तो हुकूम त्याच्या राज्यवर्ष १८ मधला. सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघाला, राजा आणि राजमाता या दोघांच्या नावानं. त्याचा आशय असा : आम्ही पूर्वी काखडीत शेत दिलं होतं, पण ते शेत कसलं जात नाही आणि गावात वस्तीही नाही. असं असल्यामुळे नगराच्या सीमेवरच्या आमच्या स्वतःच्या शेतातली १०० निवर्तनं आता देत आहोत.

ज्यानं क्षत्रपांचा पाडाव केला तो राजा इथं कबूल करतो की आमचा आधीचा निर्णय जमिनीवर उतरला नाही. कागदावर शेत होतं, पण त्यात नांगर फिरत नव्हता. मग त्यानं निर्णय बदलला आणि बदलही दगडावर कोरून घेतला. लढाया जिंकल्याबद्दल गौतमीपुत्राचं नाव पाठ्यपुस्तकात आहे. माझ्या मते या १०० निवर्तनांबद्दलही ते असायला हवं.

आता मधली बरीच शतकं ओलांडून मराठी राज्याच्या काळात येऊ. तिथं आपल्याला पेठ भेटते. कसबा म्हणजे जुनी वस्ती, आणि तिला लागून मुद्दाम वसवलेला बाजार म्हणजे पेठ. अठराव्या शतकात पुण्यात एकामागून एक पेठा वसल्या किंवा वाढल्या. आज वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या काही पेठांची जुनी नावं वेगळी होती. रविवार पेठ म्हणजे मलकापूर, शनिवार पेठ म्हणजे मुर्तजाबाद. पेठ वसवायची म्हणजे आधी कौल द्यायचा. वाणी, उदमी, कारागीर यांनी येऊन घरं-दुकानं बांधावीत, ठराविक वर्षं त्यांना जकात आणि मोहतर्फा माफ. मोहतर्फा म्हणजे धंद्यावरचा कर. उद्योगांना करसवलत देऊन बोलावण्याची आजची पद्धत काही नवी नाही.

पेठेचा कारभार शेटे आणि महाजन पाहत. नव्या दुकानदाराला जागा नेमून देणं, बाजाराची व्यवस्था ठेवणं, वस्ती वाढवणं ही शेट्यांची कामं. बदल्यात दुकानांकडून ठरलेला हक्क मिळे. हे वतन होतं, बापाकडून मुलाकडे जाणारं. तंटा झाला तर गोतसभा बसे, साक्षी होत, निवाड्याचा कागद होई. इथंही ऐकवणं आणि लिहिणं दोन्ही होतं.

पण या चित्राची काळी बाजूही सांगितली पाहिजे. वाण्याला पेठेत जागा निवडता येत होती. महारवाडा आणि मांगवाडा कुठे असेल हे मात्र कुणी कौल देऊन ठरवत नव्हतं. रूढीनं ते आधीच ठरवून टाकलेलं होतं. ज्यांच्या श्रमावर गाव चाले, त्यांना गावाच्या जमिनीबद्दल बोलायचा अधिकार नव्हता. सभा होती, पण सभेत कोण बसणार हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. तो प्रश्न पुढं बाजार समितीच्या इतिहासात उघडपणे समोर आला.

वऱ्हाडातल्या कारंजा इथं १८८६ मध्ये नियमन केलेला बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजाराची जागा ठरवणं, वजन-मापावर आणि दलालीवर लक्ष ठेवणं यासाठी समिती आली. पण तिच्यात भरणा होता व्यापाऱ्यांचा. कापूस पिकवणाऱ्याची जागा राखलेली नव्हती. मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कापूस बाजार कायद्यानं शेतकऱ्यांना प्रतिनिधित्व दिलं. निजामाच्या हैदराबाद संस्थानात शेतमाल बाजाराचा कायदा १९३० मध्ये झाला. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं पुढं राज्यभर एकच व्यवस्था आणली. एका खुर्चीसाठी शेतकऱ्याला काही दशकं थांबावं लागलं.

याच काळात आमच्या भागात आगगाडी आली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ मध्ये बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. वाटेत ढोकी. रुळांनी बाजाराचा नकाशाच बदलला. लातूरला १९१७ मध्ये गंजगोलाई उभी राहिली. गंज हा शब्द फारसीतला, अर्थ साठा, खजिना. नगररचनाकार फय्याजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. मधोमध गोल इमारत, तिच्यात जगदंबेचं मंदिर, आणि त्या गोलाला येऊन मिळणारे १६ रस्ते. एकेका रस्त्यावर एकेका मालाचा बाजार. देवीला मध्यभागी ठेवून फय्याजुद्दीननं बाजार आखला, याचं तिथल्या लोकांना कधी नवल वाटलं नाही. मलाही ते नवल म्हणून सांगायचं नाही. सांगायचं ते इतकंच की आखणी नीट झाली तर ती शंभर वर्षं पोटाला लावते. लातूरच्या बाजाराकडे पाहा.

ढोकीला आठवड्याचा बाजार होता, स्टेशन होतं, पुढं तेरणा साखर कारखाना आला. कारखान्याभोवती तेरणानगर वसलं. ऊस आला, वाहनं आली, दुकानं वाढली. मग कारखाना कित्येक वर्षं बंद राहिला, तेव्हा त्या दुकानांचे दिवसही बदलले. एका जागेवरचा एक उद्योग बंद पडला की कामगारांबरोबर बैलगाडीवाला, हॉटेलवाला, पंक्चर काढणारा असे सगळेच अडचणीत येतात. म्हणून जमीन कशासाठी वापरायची आणि कोणता धंदा कुठं आणायचा, हे प्रश्न वेगळे करता येत नाहीत.

आपल्या राज्यघटनेनं हे ओळखलं आहे. ७४ व्या दुरुस्तीनं, जी १९९३ मध्ये अमलात आली, नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी घटनेला जोडली. त्यातले पहिले तीन विषय असे : नगर नियोजन, जमिनीच्या वापराचं नियमन, आणि आर्थिक-सामाजिक विकासाचं नियोजन. तिन्ही शेजारी-शेजारी. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखडा आधी प्रारूप म्हणून जाहीर करावा लागतो, लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, नियोजन समितीपुढे त्यांची सुनावणी होते. आराखडा अमलात आल्यावर आरक्षित जमीन १० वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या ठरलेल्या मुदतीतही पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपलं असं मानलं जातं. काखडीचं न कसलेलं शेत इथं पुन्हा आठवतं. खेड्यांसाठी ग्रामसभा आहे, वर्षातून किमान ४ वेळा.

म्हणजे निगमसभेची रीत कायद्यात आली आहे. मग अडतं कुठं? हरकतींची सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते. नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लागतो. पिवळा रंग निवासी, हिरवा शेतीचा, पण हे सांगणारा जवळ कुणी नसतो. एखादा शेतकरी विचारतो, "साहेब, माझं शेत कोणत्या रंगात हाय?" आणि त्याला उत्तर मिळेपर्यंत मुदत संपलेली असते. ग्रामसभेचं इतिवृत्त पूर्ण होतं, पण सभेला माणसं किती होती आणि बायका किती बोलल्या, हे त्या गावालाच ठाऊक. लिहिणं झालं, ऐकवणं राहून गेलं.

जमिनीवरचा निर्णय ज्यांच्या पोटाशी येतो, त्यांना तो त्यांच्या भाषेत आधी ऐकवला, मग लिहिला, आणि चुकला तर उघडपणे बदलला, तरच त्याला कौल म्हणता येईल. नाहीतर तो नुसता हुकूम. आपण पाच वर्षांतून एकदा कौल देतो. मधल्या काळात आपल्या गावाचा नकाशा जाहीर झाला, तर एक दिवस मोडून तो पाहायला जावं. आपलं शेत, आपलं दुकान, शाळेचं मैदान, कब्रस्तान आणि स्मशान कोणत्या रंगात आहेत ते विचारावं. समजलं नाही तर पुन्हा विचारावं, आणि हरकत असेल तर ती लेखी देऊन पोच घ्यावी.