जुन्या कॅमेऱ्याची पारख

चलच्चित्रें घेण्याचा एखादा जुना कॅमेरा दृष्टीस पडला म्हणजे आपण प्रथम त्यावरील कारखान्याचें नांव वाचतों, आणि त्यावरूनच यंत्राची योग्यता ठरवून मोकळे होतों. परंतु महाराष्ट्रांतील चित्रपटाचा आरंभकाळ पाहिला असतां ही रीत अपुरी आहे असें दिसून येतें.

१९१२ सालीं दादासाहेब फाळके यांनीं लंडनहून विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणिला. यंत्र नामांकित होतें. तथापि फाळक्यांनीं नुसत्या नांवावर भिस्त ठेविली नाहीं. कुंडींत वाटाण्याचें बीं रुजवून त्याची वाढ त्यांनीं एकेक चित्र घेऊन टिपली, आणि तो लहानसा चित्रपट दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठीं भांडवल उभें केलें. ही युक्ति कॅमेऱ्याचीहि कसोटीच होती. पेटींतील आंकडा फिल्मच्या कडेच्या भोंकांत शिरून ती एका चित्राइतकी ओढतो, क्षणभर थांबूं देतो, व पुन्हां ओढतो. हें थांबणें रेसभर जरी चुकलें, तरी पडद्यावर रोपटें वाढण्याऐवजीं थरथरूं लागेल.

यंत्राइतकेंच महत्त्व हाताचें. त्या काळीं दांडा हातानें फिरवावा लागे : एका फेऱ्यास आठ चित्रें, सेकंदास सुमारें दोन फेरे. एका फुटांत सोळा चित्रें मावतात. म्हणजे सेकंदास एक फूट फिल्म खर्चीं पडे. हात मंदावला कीं चित्रें कमी पडत, आणि संथपणें चालणारा राजा पडद्यावर धांवत सुटे!

कोल्हापुरांत नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव व बाबूराव पेंटर हे चुलतबंधु याहून पुढें गेले. कॅमेरा स्वतःच बनवावा असें त्यांनीं मनांत घेतलें. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. परंतु बाबूरावांनीं शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें १९१८ सालीं तें काम तडीस नेलें. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ याच कॅमेऱ्यानें घेतला गेला, व फेब्रुवारी १९२० मध्यें तो पुण्यास झळकला. कच्ची फिल्म परदेशाहूनच येई, हें खरें. परंतु ज्यानें यंत्र स्वतः घडविलें, त्याला तें बिघडल्यास लंडनच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं. या कॅमेऱ्याची किंमत करतांना ही गोष्ट प्रथम धरली पाहिजे.

मात्र त्याचा मुख्य साक्षीदारच आज उरला नाहीं. ‘सैरंध्री’ची प्रत उपलब्ध नाहीं, ‘राजा हरिश्चंद्रा’चाहि कांहीं भागच शिल्लक आहे. त्या काळची नायट्रेटची फिल्म चटकन् पेट घेते, आणि पेटली नाहीं तरी कालांतरानें सडते. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें. तोंपर्यंत पुष्कळ कांहीं हातचें गेलें होतें.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर आजोबांचा कॅमेरा असेल, त्यांनीं तो पुसून दिवाणखान्यांत अवश्य मांडावा. परंतु त्याआधीं शेजारीं एखादा फिल्मचा डबा पडला आहे काय, तें पाहावें, आणि तो जाणकारांच्या हवालीं करावा. कॅमेऱ्याची खरी परीक्षा त्या डब्यांत आहे.